इंग्रजीची रिकामी जागा

अंबाजोगाईच्या स्टँडवर परभणीची गाडी लागली तेव्हा आत्यानं आधी कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला, आणि दोघांचं उत्तर एकच आलं म्हणून आणखी एका प्रवाशाला विचारलं, की ही गाडी परभणीलाच जाते ना. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. उभ्या नोकरीत तिनं कोणाचंही पहिलं उत्तर खरं धरलं नव्हतं. माझा स्वभावही तिच्यावरच गेलाय, असं आई म्हणते. अशा दोघी बायका प्रवासाला निघाल्यावर वाटेत भेटणाऱ्यांचं काय होत असेल, ते वाचकांनीच समजून घ्यावं.

आम्ही निघालो होतो माझ्या अर्जांच्या मागावर. मी इंग्रजीची एम.ए., वर बी.एड., आणि घरी शिकवण्या. पहिलीपासून इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे ‘इंग्रजी शिक्षक पाहिजे’ अशा जाहिराती पेपरात दिसू लागल्या होत्या. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, वारंगा फाटा आणि शिरड शहापूर अशा तीन ठिकाणी मी अर्ज केले. जिल्हा नवा होता. जाहिरातींत कुठं जिल्हा हिंगोली तर कुठं अजून जिल्हा परभणीच छापलेलं असे. माझ्या अर्जांना मात्र दोन्हीकडून उत्तर आलं नाही.

“पत्राला उत्तर येत नसतं, दारात उभ्या राहिलेल्या माणसाला येतं,” असं म्हणून आत्यानं पिशवी भरली.

माझी अडचण सरळ होती. स्थळं येत ती विचारत, मुलीला नोकरी आहे का? शाळा विचारत, लग्न झालंय का, झाल्यावर सोडून जाणार का? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, म्हणतात तसं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगून ठेवलं होतं की जूनपर्यंत बघू, नाहीतर लातूरच्या बिजवराला होकार कळवू. तो माणूस वाईट नव्हता. पण ‘नाहीतर’ म्हणून कोणाच्या घरी जायची मला मनापासून भीती वाटत होती. जूनच्या आत नोकरी मिळवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

परभणीला गाडी बदलून वसमतला उतरलो. वसमत आधी नाकाला कळतं. मे महिना, मोंढ्यात हळदीची आवक जोरात. हमालांच्या बंड्या, हातगाड्यांच्या फळ्या, हॉटेलातल्या बाकड्यांच्या कडा, सगळ्यांवर पिवळी झाक. आत्यानं पदर नाकाला लावला आणि चहा सांगितला. चहा आल्यावर पिण्याआधी तो उजेडात धरून पाहिला.

शाळेला सुट्टी होती, पण कार्यालय उघडं होतं. टेबलपंख्यासमोर एक हेडक्लार्क बसले होते. कपाळावर गंध, खांद्यावर पंचा. सकाळची देवळातली पूजा आटपून ते थेट कचेरीत येत असावेत. त्यांनी बसा म्हटलं नाही.

“कोणाकडून आलात?”

“कोणाकडून नाही. माझा अर्ज होता इंग्रजीच्या जागेसाठी. त्याचं काय झालं, ते विचारायला आले.”

“तसं न्हाई. इथं कोणी कोणाकडून आल्याशिवाय येत नसतं. अध्यक्षांकडून का सचिवांकडून?”

हळूहळू उलगडा झाला. संस्थेत दोन गट होते. एका गटानं जाहिरात दिली की दुसरा कोर्टातून स्थगिती आणायचा. अर्जाची चौकशी करणारा प्रत्येक जण यांना समोरच्या गटाचा हेर वाटत होता.

“जागा भरली का?” आत्यानं विचारलं.

“भरली बी न्हाई अन् रिकामी बी न्हाई.”

“अर्ज पोचला का, तेवढं तरी सांगा.”

“पोचला म्हणलं तर तुमी आवक नंबर मागणार. नंबर दिला की तो उद्या कोर्टात दिसणार.” त्यांनी पंख्याचं तोंड स्वतःकडे वळवलं. “न्हाई पोचला.”

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ते खिडकीशी उभे राहून आम्ही कोणाच्या जीपमध्ये बसतो ते पाहत होते. आम्ही पायी निघालो. त्यांचा संशय त्यामुळे आणखी वाढला असणार.

आत्याच्या ओळखीच्या एका नर्सबाईंकडे पिशव्या टाकून दुपारी वारंगा फाट्याची गाडी धरली. वारंगा फाटा म्हणजे नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा थांबा. टायरची दुकानं, ट्रकांच्या रांगा आणि वाफाळती खिचडी. खिचडी खरंच चांगली होती. आत्यानंही ती न शोधता, न निवडता खाल्ली, यावरून काय ते ओळखा. तिथून काळ्या-पिवळ्या जीपनं एका तांड्याशेजारच्या निवासी शाळेत गेलो. पूर्वी बैलांवर माल लादून मुलूख फिरणाऱ्या लोकांची ही वस्ती. आता शेती करतात, आणि दिवाळीनंतर बरीच घरं ऊसतोडीला जातात. मुलं तेव्हा या शाळेत राहतात.

मुख्याध्यापक लग्नाला गेले होते. लिंबाखाली तांड्याचे नायक, म्हणजे वस्तीचे प्रमुख, बाजेवर बसले होते. पांढरं मुंडासं, हातात अडकित्ता. शाळेच्या कारभारात त्यांचाच शब्द चालतो, असं जीपवाल्यानं सांगितलं होतं. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“काहून आलात तुमी इथं?”

“अर्जाचं विचारायला.”

“ते समजलं. इतक्या लांब काहून? तुमच्या गावाकडं शाळा न्हाईत?”

मी म्हटलं, आहेत, पण जागा नाहीत. त्यांनी सुपारी कातरली.

“म्हंजे तिकडं जागा झाली की तुमी जाणार.”

मी पुढे केलेली फाइल मागे घेतली. ते सांगू लागले, “मागचे सर नांदेडहून येऊन जाऊन करायचे. आधी रोज, मग हप्त्याला, मग पगार निघाला की. लेकरांचे मायबाप कारखान्यावर, अन् मास्तर नांदेडला. रात्री लेकरू तापलं तर कोणी हात लावायचा?”

“राहायची खोली आहे का?” आत्यानं विचारलं.

“हाय. साप निघतात.”

आत्या शांतपणे म्हणाली, “साप आमच्या दवाखान्यातही निघत. पुढचं बोला.”

नायकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, “पगार सरकारकडून येतो, कवा येतो ते कोणी सांगत न्हाई. आन अर्जाचं म्हणाल तर अर्ज लय येतात बाई, माणूस येत न्हाई. आमी आता ठरवलंय. शाळा उघडायच्या दिवशी जे सामानासकट दारात उभं ऱ्हाईल, ते आमचं मास्तर. मग बैठकीत पंचांसमोर विचारू, ऱ्हाणार का. व्हय म्हणलं तर ठेवून घेऊ.”

परतताना मी आत्याला म्हटलं, ही काय नेमणूक झाली? ना मुलाखत, ना लेखी काही, डिग्री कोणती तेही विचारलं नाही. यात नक्की काहीतरी गोम आहे. आत्या म्हणाली, “गोम असती तर त्यानं साप लपवले असते.” मला ते पटलं नाही. सगळं वाईट आधीच सांगून टाकणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. आणखी काहीतरी वाईट शिल्लक असणार, असं वाटत राहतं.

दुसऱ्या दिवशी शिरड शहापूर. तिथला अनुभव इतका उलटा होता की मी सावध झाले. स्टँडवर उतरून संस्थेचं नाव घेतलं तर पानटपरीवाला स्वतः उठून घर दाखवायला आला. शाळा नव्हे, घर. “हापिस घरीच हाय,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून उगीच हसला.

अध्यक्षांचं घर प्रशस्त होतं. ओसरीवर सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांची थप्पी, कोपऱ्यात शाळेची नवीकोरी बाकं, भिंतीला वेळापत्रकाचा फळा. अध्यक्षांना सगळे काका म्हणत. ते हात पुसतच बाहेर आले.

“या, या. वाटच पाहून राहिलो होतो. काही तकलीफ न्हाई ना झाली वाटेत?”

वाट पाहत होते? आम्ही येतोय हे यांना कोणी कळवलं? मी आत्याकडे पाहिलं. आत्या पंख्याकडे पाहत होती.

पाणी आलं, सरबत आलं, मग थेट जेवणाचं आमंत्रण. रस-पोळी, कुरडया, भज्यांचं ताट. दोन सुना वाढत होत्या. अध्यक्षीणबाई जवळच बसून मी किती खाते ते बघत होत्या. इंग्रजीच्या जागेसाठी रसाची तिसरी वाटी? संस्थांच्या देणग्यांच्या गोष्टी कानावर होत्याच. पाहुणचार जितका मोठा तितकी पुढची मागणी मोठी, असा मी हिशेब धरला आणि रसाला नको म्हटलं.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, “थोडं शिकवून दावा.”

सुट्टीत विद्यार्थी कुठले? मग ओसरीवरच वर्ग भरला. दोन सुना, अध्यक्षीणबाई, शेजारच्या दोघी, आणि खांबाला टेकून उभा असलेला, वसमतला खतांचं दुकान चालवणारा धाकटा मुलगा. मी फळ्यावर बाजारातलं साधं संभाषण घेतलं, भाव विचारणं आणि भाव सांगणं. शेजारच्या दोघींना मजा वाटली, त्या भाव पाडूनही मागू लागल्या. शिकवताना मी सगळं विसरते, तशी तेव्हाही विसरले. संपल्यावर काका मुलाला म्हणाले, “इचार काही.”

तो सरळ उभा राहिला. “मला इंग्रजीतलं काही समजत न्हाई. तुमी शिकवल्यावर पोरांना समजलं तर बरं होईल.” आणि आत निघून गेला. खरं सांगायचं तर तो मला बरा वाटला. म्हणूनच अधिक संशय आला, की मुलाखतीत या मुलाचं काय काम?

अध्यक्षीणबाई विचारू लागल्या, “उंची किती? चष्मा किती दिवसांपासून? पहाटे उठायची सवय हाय का?” पहाटे उठून कोणतं इंग्रजी शिकवतात, ते मी विचारणारच होते, तेवढ्यात थोरली सून म्हणाली, “चला, हात धुऊन घ्या.” माझे हात केव्हाच धुऊन झाले होते. मी तिच्यामागे परसात गेले.

थोरली सून त्याच शाळेत गणिताची शिक्षिका होती. तिनं मागे वळून पाहिलं, रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्या हातावर घालू लागली.

“तुमाला खरंच काही म्हाईत न्हाई?”

“काय?”

“मी बी अशीच आले. गणिताची जाहिरात होती, अर्ज केला, मुलाखतीला बोलावलं, रस-पोळी खाल्ली. मधलीनं विज्ञानाला अर्ज केला होता. इंग्रजीची जागा धाकट्या भाऊजींसाठी ठेवलीय. दोन वर्सं झाली, मनासारखी पोरगी मिळेना म्हणून जागा भरेना.”

पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं, तरी मी हात तसाच धरून उभी राहिले.

“फसवतात का?” मी विचारलं.

“न्हाई हो. माणसं चांगली हायत. नेमणूक बराबर करतात, सहा महिन्यांत मान्यता आणतात. मला आजवर कोणी उणा शब्द बोललं न्हाई.” तिनं तांब्या पालथा घातला. “फकत एवढंच की रुसून माहेरी जायचं म्हणलं तर रजेचा अर्ज सासऱ्याकडं द्यावा लागतो. मी एकदा दिला होता. त्यांनी वाचून नामंजूर केला.”

ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही. पुढे तीच म्हणाली, “सासूबाईंना तुमी लय पसंत हायत. तुमचा निळ्या साडीतला फोटो त्यांनी देवघरात ठेवलाय.”

मी अर्जाला पासपोर्ट आकाराचा फोटो लावला होता. त्यात जेमतेम गळ्यापर्यंत मी दिसते आणि अंगात पांढरा कुर्ता आहे. निळ्या साडीतला फोटो मागच्या दिवाळीत स्टुडिओत काढलेला, स्थळांना पाठवायचा. तो घरच्या कपाटात असायला हवा होता.

निघताना अध्यक्षीणबाईंनी आम्हा दोघींना कुंकू लावलं, माझ्या हातात नारळ दिला. काका फाटकापर्यंत आले. “जागा तुमचीच समजा. जूनपर्यंत आमी थांबतो. घरी सल्ला करा, मग पुढची बोलणी करू.” त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. याच रीतीनं दोन जागा भरून त्यांचं घर आणि शाळा दोन्ही नीट चालली होती. मग तिसरी जागा वेगळ्या रीतीनं भरावी, असं त्यांना वाटावं तरी का?

गाडीत बसल्याबरोबर मी आत्याला धरलं. “फोटो तू पाठवलास ना?”

“कोणता फोटो?”

मी सगळं सांगितलं. आत्या ऐकत गेली तशी तिची मान ताठ होत गेली. “मला ठाऊक असतं तर मी तुला रसाची पहिली वाटी तरी घेऊ दिली असती का?” मला तिचंही पहिलं उत्तर खरं वाटलं नाही. परभणी येईपर्यंत मी तिला तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला, तिनं प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं. शेवटी ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर कापसाची काढलेली रानं, नांगरटीची ढेकळं, कुठं एखादं निंबाचं झाड. मी मनात एकेकाला उभं केलं. पानटपरीवाला, वसमतचे हेडक्लार्क, स्टुडिओवाला, माझा फोटो नेऊन विसरलेली एखादी मैत्रीण. जगातल्या सगळ्यांवर माझा संशय घेऊन झाला.

गंगाखेडच्या पुढे माझा राग निवला आणि मी खरोखर विचार करू लागले. पक्की नोकरी, चांगली माणसं, बरा दिसणारा, बरा बोलणारा मुलगा. लातूरच्या बिजवरापुढे हे स्थळ उजवंच होतं. नको म्हणायला माझ्याकडे कारण काय होतं? ओसरीवर मी शिकवत होते तेव्हा शेजारच्या दोघी सोडल्या तर कोणीही ते ऐकत नव्हतं, मला बघत होते, एवढंच. हे कारण मी घरात सांगितलं असतं तर कोणालाही समजलं नसतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णा ओट्यावर वाट बघत बसलेले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. नारळाकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. वसमतचं विचारलं नाही, वारंग्याचं विचारलं नाही.

“मग? मुलगा कसा वाटला?” ते म्हणाले.

आत्यानं पायातली चप्पल तशीच ठेवली. तिथं मुलगा आहे, हे आम्ही अजून कोणालाही सांगितलं नव्हतं.

अण्णांना त्यांची चूक लगेच कळली. ते बसले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. परभणीला एका लग्नात त्यांना त्या घराची रीत कळली होती. अर्ज मी लिहायची, पण पाकिटं पेटीत टाकायला नेहमी अण्णाच जायचे. शिरडच्या पाकिटात त्यांनी तो फोटो सरकवला, वर चार ओळी लिहिल्या, आणि आम्ही निघाल्यावर काकांना फोनही केला. “तुला दोन्ही मिळावं असं वाटलं गं,” ते म्हणाले. “आधी सांगितलं असतं तर तू गेलीच नसतीस.”

ते खरंच होतं. त्यांची माया खरी होती, काळजीही खरी होती. तरी मला फार वाईट वाटलं. तो अर्ज मी तीनदा लिहून काढला होता. पहिल्या दोन खेपांना अक्षर मनासारखं आलं नव्हतं. ज्या अर्जाची चौकशी करायला मी एवढी फिरले, तो माझा राहिलाच नव्हता. रडले नाही. अण्णांना एवढंच म्हटलं की लातूरला आणि शिरडला, दोन्हीकडे नाही म्हणून कळवा. आत्या मध्ये पडली, “ती म्हणते तसं कर, दादा.” मग तिनं चप्पल काढली.

सकाळी मी वारंग्याच्या शाळेला पत्र लिहिलं. शाळा उघडायच्या दिवशी मी सामान घेऊन येते आहे, सोबत आठ दिवस माझी आत्या राहील, खोली झाडून ठेवावी. पगार आणि साप, दोन्हींचा उल्लेख टाळला. पाकीट चिकटवत होते तेव्हा अण्णा अंगात सदरा घालून दारात आले. रात्री त्यांना झोप लागली नव्हती, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“दे इकडं,” ते हात पुढे करून म्हणाले, “मी त्याच बाजूला निघालोय, टाकतो पेटीत.”

इतकी वर्षं मी तो हात पुढे आला की न बघता पाकीट देत आले होते.

“नको अण्णा,” मी म्हटलं, “मीच जाऊन टाकते.”